अनोळखी लिली ओळखण्याची नंदनवनी पद्धत (फक्त नवशिक्यांसाठी)

सर्वात आधी कुंडीत खोचलेली चिठ्ठी उपटून बाजूला ठेवा. तिच्यावर 'रेड लिली, इम्पोर्टेड' असं लिहिलेलं असेल आणि फूल पांढरं आलं असेल, तर दचकू नका. चिठ्ठी टोपलीची असते, कांद्याची नसते. गिऱ्हाईक चार टोपल्यांतले कांदे हाताळून, मोठा कोणता ते पाहून परत टाकतं, आणि तेही भलत्याच टोपलीत. नर्सरीवाल्याशी वाद घालायला जाऊ नका. तो एवढंच म्हणेल, "भाऊ, फूल तं आलं ना?" ह्यावर उत्तर नाही.

आता मन घट्ट करा. तुमची लिली बहुधा लिली नाहीच. खरी लिली, म्हणजे लिलियम, थंड हवेतली. आमच्या नंदनवन वस्तीतल्या गच्चीवर मे महिन्यात पारा ४५च्या पुढे सरकतो, तिथं तिचा कांदा उकडून निघतो. इथं ती भेटते ती गुच्छात आणि लग्नाच्या स्टेजवर, तेही एका संध्याकाळपुरती. तिच्या कांद्याला आपल्या कांद्यासारखी कागदी साल नसते, सुटे खवले असतात. पानं जमिनीतून न येता दांड्यावर येतात. ह्यातलं काही दिसत नसेल तर एक उमेदवार बाद झाला.

पीस लिली अळूच्या कुळातली, कॅना लिली म्हणजे आपली कर्दळ, वॉटर लिली टाक्यातली. तिघींना नमस्कार करून पुढे चला.

खरी परीक्षा फुलाखाली आहे. देठ आणि पाकळ्या जुळतात तिथं बघा. पाकळ्यांच्या खाली फुगीर हिरवी गाठ असेल, तर तो बीजांडकोश आणि झाड अमॅरिलिसच्या कुळातलं. गाठ पाकळ्यांच्या आत असेल तर लिलीच्या बाजूनं बोलायला जागा आहे. फूल तोडून पाहायचं असल्यास स्वतःच्या कुंडीतलं तोडा. विज्ञानासाठी शेजारच्या कुंडीत हात घातला असं सांगून आजवर कोणी सुटलेलं नाही.

गाठ खाली निघाली की दांडा आडवा कापा. पोकळ असेल आणि वर मोठाली भोंग्यासारखी फुलं असतील, तर ते हिपिॲस्ट्रम. नर्सरीत त्यालाच 'अमॅरिलिस' म्हणतात. त्यावरून नाक मुरडू नका. लिनियसनं १७५३ साली दिलेलं अमॅरिलिस हे नाव नक्की कोणत्या झाडाचं, दक्षिण आफ्रिकेतल्या की दक्षिण अमेरिकेतल्या, ह्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ भांडत राहिले आणि निकाल आफ्रिकेच्या बाजूनं लागला तो १९८७च्या बर्लिन परिषदेत. एवढ्या विद्वानांना एवढा वेळ लागला, तर आपल्या नर्सरीवाल्याला थोडी सूट द्यावी. शिवाय हिपिॲस्ट्रम मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, म्हणजे चिठ्ठीवरचा 'इम्पोर्टेड' हा शब्द तरी खरा ठरला.

दांडा भरीव, पानं रुंद, फुलं पांढरी असतील तर शेजारच्या काकू कठड्यावरूनच निकाल देतील, "हे तं सुदर्शन आहे ना!" आणि त्या बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त पाकळ्यांच्या मध्ये पुंकेसरांना जोडणारी पातळ पांढरी वाटी आहे का ते बघून घ्या. वाटी असेल तर ती स्पायडर लिली, सुदर्शन नव्हे. हे काकूंना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. कान दुखत असल्यास पानाचा रस घालायचा सल्ला मात्र घेऊ नका, झाड कोणतंही निघालं तरी.

ह्या सगळ्यापेक्षा भरवशाचं साधन म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. मार्च-एप्रिलमध्ये फुललं तर हिपिॲस्ट्रम. मेच्या काहिलीत पानांआधीच लाल गोळा वर आला तर फुटबॉल लिली, मूळची आफ्रिकेतली. जूनच्या पहिल्या सरीनंतर चार-पाच दिवसांत गवतासारख्या पानांतून दांड्यागणिक एकेक गुलाबी, पांढरं किंवा पिवळं फूल आलं तर रेन लिली. पण सावधान: सुकलेल्या कुंड्यांवर वरची टाकी भरून वाहिली, तरी रेन लिलीला पावसाळा आल्याचा भास होतो. हवामानाचा अंदाज तिच्यावरून बांधू नये.

एका ठिकाणी थट्टा बंद. पानाच्या टोकाला वेटोळं होऊन ते आधाराला धरत असेल आणि फूल पिवळं-लाल ज्वाळेसारखं असेल, तर ती कळलावी, नर्सरीतली 'ग्लोरिओसा लिली'. तिच्या कंदात कोल्चिसीन असतं. पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. लहान मूल असलेल्या घरात ती नकोच. खऱ्या लिलीचा आणि डे लिलीचा कणभर भागही मांजराच्या मूत्रपिंडांना पुरे पडतो. आणि अमॅरिलिसच्या कुळातल्या कोणत्याही 'लिली'चे उपटलेले कांदे स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीशेजारी वाळत घालू नका. दिसायला सारखे असतात. त्यांच्यातल्या लायकोरीनमुळे उलट्या होतात.

हिवाळ्यात फुटबॉल लिलीची पानं वाळून कुंडी ओसाड दिसू लागते. मग घरातलं कोणीतरी "रिकामीच तर आहे" म्हणत त्यात मेथी पेरतं. पेरू द्या, पाणी बेतानं घाला. मेथी महिन्याभरात निघते, कांद्याला मेपर्यंत उठायचं नसतं. फक्त मेथी उपटायला कोण बसतंय, तिकडे लक्ष ठेवा.