एप्रिलचं रत्न

"आजी, कैऱ्या आणल्यात. आंबेडाळीला होतील."

"ठेव कठड्यावर. काय गं, सकाळी फोनवर कुणाला सांगत होतीस, एप्रिलचं रत्न हिरा म्हणून?"

म्हातारीचे कान शाबूत आहेत. "जाऊबाईंना. नात झाली ना त्यांना, चौदा तारखेला. फूल डेझी, रत्न हिरा."

"चौदा एप्रिल? आमच्या चौदा एप्रिलला सोनं पडलं होतं. आभाळातून!"

मी कुंपणाला टेकलेच.

"१९४४ साल. मी आठ वर्षांची, गिरगावात. शुक्रवार. आईनं चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलेलं. लढाईचे दिवस, साखर रेशनवर, म्हणून पन्हं गुळाचं. डाळ पाट्यावर वाटून परातीत काढलेली. चार वाजून गेले आणि असा धडाका, की तावदानं खळ्ळकन परातीत! आई आधी काय ओरडली असेल? 'अगं बाई, माझी डाळ!'"

"बॉम्ब?"

"सगळे तेच म्हणत होते, जपान आला. तिकडे कोहिमाला लढाई पेटलेलीच होती. पण ही घरचीच आग. व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकिन नावाची बोट दोन दिवस उभी होती. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, आणि एका कप्प्यात तर खाली कापसाच्या गासड्या, वर स्फोटकं. तू चुलीशेजारी रॉकेलचा डबा ठेवशील का? दुपारी धूर दिसला, बंबवाले धावले, पाणी मारत राहिले. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी, दुसरा अर्ध्या तासात. शिमल्याच्या भूकंपयंत्रावर नोंद झाली म्हणे."

"आणि सोनं?"

"आलीस मुद्द्यावर! त्याच बोटीत सोन्याच्या विटा होत्या. उडाल्या की चहूकडे! मैलभरावर एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून एक वीट आली. त्यानं ती परत केली."

"मी असते तर..."

"तू असतीस तर पाटल्या केल्या असत्यास, ठाऊक आहे मला. गोदीचा गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं विटा निघत होत्या."

"पेपरात केवढं आलं असेल!"

"अवाक्षर नाही. सेन्सॉर! जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी बोंब मारली, आणि आपल्या पेपरांत छापायला मे उजाडला. आम्हाला सगळं कळलं ते गॅलरीतून. शेजारची गोदीत कामाला असलेल्यांची नावं घेत होती, कोण परतलं, कोण नाही... शेकड्यांनी माणसं गेली. आणि गंमत बघ, त्याच दिवशी मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद सेनेनं तिरंगा लावला होता. तेही कुठे कळलं आम्हाला!"

आजी थांबल्या. पदराला टाचलेला इवलासा कागदी झेंडा त्यांनी सरळ केला.

"हा कुठला?"

"परवा अग्निशमन दलाचा पोरगा लावून गेला. त्या दिवशी ६६ बंबवाले गेले ना, म्हणून दरवर्षी १४ ते २० एप्रिल त्यांचा सप्ताह असतो. पाच रुपये द्यायला गेले, तर आजी राहू द्या म्हणाला. मी दहा दिले."

मग कैऱ्या चाचपल्या.

"चार आणल्यास? एक ने परत. डाळ तशीही थोडीच करणार आहे. आणि जाऊबाईंना सांग, पोरीला हिरा बिरा नको. वाळा करा चांदीचा."