पिशव्या तपासा, पण सगळ्यांच्या

मराठी माणसाची अंदमानवारी सेल्युलर जेलपासून सुरू होते, आणि तेच योग्य आहे. पण जेलमध्ये दबक्या आवाजात फिरणारी हीच मंडळी वांडूरच्या जेटीवर वनखात्याच्या माणसाशी हुज्जत घालताना दिसतात. त्याने पिशवीतून वेफर्सचं पाकीट आणि पाण्याची बाटली बाहेर काढलेली असते. ‘अहो, लहान मूल आहे बरोबर!’ ‘पैसे भरलेत आम्ही!’ तो ऐकत नाही. ऐकूच नये.

वांडूरहून बोटी सुटतात त्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानासाठी. स्थापना १९८३ सालची. पंधरा बेटं आणि भोवतीचा समुद्र मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटर. त्यात पर्यटकांना जायला मिळतं ते जॉली बॉय नाहीतर रेडस्किनवर, आलटून पालटून. एक खुलं असतं तेव्हा दुसऱ्याला विश्रांती. मुक्काम नाही, प्लास्टिक नाही, काही उचलायचं नाही. इतक्या साध्या नियमांवर आपण ‘फार कडक आहेत बुवा’ म्हणून कुरकुर करतो.

काचेच्या तळाच्या बोटीत बसलात की खाली नीट बघा. दगड वाटतो तो दगड नाही, प्रवाळ आहे. मुगाच्या दाण्याएवढ्या असंख्य प्राण्यांनी बांधलेली वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते त्यांना अन्न देतं आणि रंगही. समुद्र जास्त दिवस तापला की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. २०१० साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. काही जातींची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. त्यावर फोटोसाठी एक पाय टेकला, की कित्येक वर्षांची वाढ कडकन मोडते.

पायाखालची पांढरी वाळूसुद्धा तिथेच तयार होते. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, चुना दळतो आणि वाळू करून बाहेर टाकतो. रिकामा म्हणून खिशात टाकलेला शंख एखाद्या शंखखेकड्याचं पुढचं घर असतो. आणि प्रवाळाचा तुकडा उचलणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळही आहे. (मालवणलाही १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला स्कूबा करून येणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगतं?)

तेव्हा तपासणी हवीच. माझी तक्रार वेगळीच आहे. ही तपासणी पर्यटकाच्या पिशवीपाशी थांबते.

याच द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला, ग्रेट निकोबारवर, गलाथियाचा उपसागर आहे. जगातलं सर्वांत मोठं कासव, लेदरबॅक, तिथल्या वाळूत अंडी घालतं. मेगापोड पक्षी तिथे पालापाचोळा आणि वाळूचे ढीग रचून त्यांत अंडी उबवतो. या किनाऱ्याला अभयारण्याचं संरक्षण होतं. जानेवारी २०२१मध्ये ते काढून घेण्यात आलं, कारण तिथे मालवाहू जहाजांचं बंदर उभारायचं आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प, नवं शहर, आणि त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल. भरपाईची झाडं लावायची ठरली ती हरियाणात! विषुववृत्ताजवळच्या सदाहरित जंगलाच्या बदल्यात हरियाणातली रोपटी, हा हिशेब मला पटत नाही आणि पटणारही नाही.

प्रकल्पाच्या जागेत प्रवाळही आहे. त्यातल्या १६,१५० वसाहती उचलून दुसरीकडे लावू, असं सरकार सांगतं. जॉली बॉयवर तुम्ही एक तुकडा उचललात तर गुन्हेगार. मग इथे हजारो वसाहती हलवण्याचं समर्थन कसं होतं, आणि हलवल्यावर त्यांतल्या किती जगल्या हे कोण मोजणार, कधी जाहीर करणार? अंदमान पाहून आलेल्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला हे विचारावं. लेखी विचारावं, आणि उत्तरही लेखीच मागावं.