आधी दात दाखवा

दत्तजयंती आली की तापीकाठच्या सारंगखेड्यात घोडे उतरतात. राजस्थानचे, पंजाबचे, उत्तर प्रदेशाचे, काठेवाडचे. गिऱ्हाईक इथं सरळ जनावराच्या तोंडात हात घालतं. दात बघून वय काढतं, भोवरा शुभ की खोडीचा ते तपासतं, खूर उचलून बघतं आणि मग म्हणतं, "आता जरा चालवून दाखवा." घोडा लाखांचा असो, या तपासणीतून सुटका नाही.

फ्लेक्सवरच्या माणसाला मात्र चालवून दाखवा असं कुणी म्हणत नाही. 'यात्रेनिमित्त भाविकांचे हार्दिक स्वागत' एवढं एक वाक्य आणि त्याभोवती दोन डझन चेहरे. वर साहेब, खाली भाऊ, त्याखाली दादा, मधोमध कानाला फोन लावलेले 'भावी सरपंच' आणि तळाशी पासपोर्ट आकारात शुभेच्छुकांची पंगत. ज्याची यात्रा, तो एकमुखी दत्त कोपऱ्यात. घोडा असलाच तर कुणाच्या तरी खांद्यामागे. मंदिराकडे कुठून वळायचं आणि गाडी कुठं लावायची हे सांगणारा बाण याच फ्लेक्सच्या पाठीमागे गेलेला असतो.

नियम बदलायचा सरकारला कंटाळा आहे, असं म्हणता येणार नाही. 2022मध्ये दुकानांच्या पाट्यांचा कायदा दुरुस्त झाला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीहून लहान नको, असंही ठरलं. मुंबईतले व्यापारी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने सप्टेंबर 2023मध्ये त्यांना दोन महिने दिले आणि पाट्या बदला म्हणून सांगितलं. तिकडे अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूची एक ओळ होती. ती काढा म्हणून वाद जिल्हाधिकाऱ्यांपासून दिल्लीपर्यंत चढला. 15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, राहू द्या. एका ओळीसाठी एवढी पायपीट! तीच पाटी कुणा दादांच्या वाढदिवसाने अख्खी झाकली असती, तर तलाठ्याकडेसुद्धा कुणी गेलं नसतं.

झाकणाऱ्या फ्लेक्सबद्दल न्यायालय बोललेलं नाही असं नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017च्या जानेवारीत सविस्तर निकाल दिला. बेकायदा फलक लावणार नाही, असं मोठमोठ्या पक्षांनी न्यायालयाला लिहूनही दिलं. लेखी हमीचं पुढे काय झालं, ते बघायला निवडणुकीत कोणत्याही चौकात उभं राहावं. चौक दिसला तर.

2022मध्येच होर्डिंगची नवी नियमावलीही आली. तिच्या नावातच 'महानगरपालिका' आहे, म्हणजे ग्रामपंचायतीचं सारंगखेडा सुटलं. आणि जिथं महानगरपालिका आहे तिथं काय घडलं? 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 माणसं गेली. मर्यादा 40 बाय 40 फुटांची, होर्डिंग 120 बाय 120चं. जमीन रेल्वे पोलिसांची, म्हणून परवानगी कुणाची हवी यावर माणसं मेल्यानंतर चर्चा. मोजपट्टी घेऊन जायचीही गरज नव्हती, ते मैलभरावरून दिसत होतं.

तेव्हा सारंगखेड्याने मुंबईच्या नियमावलीची वाट बघू नये. 26 जानेवारीची ग्रामसभा असतेच, तिथं घोडेबाजाराचाच कायदा फ्लेक्सला लावावा. परवानगीचा नंबर आणि उतरवायची तारीख कपाळावर हवी, भोवऱ्यासारखी, लांबून दिसेल अशी. तारीख उलटली की फ्लेक्स ग्रामपंचायतीचा. कापड भक्कम असतं, कडब्याच्या गंजीवर झाकायला उत्तम. (तसाही तो शेवटी तिथंच जातो, मधले चार महिने वाचतील.) फोटो टाकायचाच असेल तर गावासाठी काय केलं ते शेजारी लिहावं. बरीच जागा मोकळी राहील, तिथं मंदिराचा बाण बसेल. श्रद्धांजली आणि गंधमुक्तीच्या फ्लेक्सला सूट द्यावी, पण त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो शोककर्त्यांपेक्षा मोठा असलाच पाहिजे. आणि वारा सुटला की फ्लेक्सवरच्या प्रत्येकाने आपल्या फोटोखाली येऊन उभं राहायचं. सांगाडा तिथल्या तिथे मजबूत होईल, इंजिनिअरच्या दाखल्याची गरज उरणार नाही.

ठरावाला सूचक मिळेल. अडचण अनुमोदकाची आहे. तो सहीला तयार होईल, पण ठराव मंजूर झाल्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स किती फुटांचा लागणार, हे आधी विचारील.