ओकायामाशी आमचं बरं आहे

जपानमधल्या ओकायामा शहराशी पुण्याचं भांडण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पुण्याच्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. शहराशहरांची मैत्री टिकते ती उगाच नाही. ओकायामा आपल्या दारात गाडी लावत नाही, दुपारी एक ते चारमध्ये बेल वाजवत नाही आणि नेलेला डबा परत करताना झाकण विसरत नाही.

या मैत्रीची खूण म्हणून सिंहगड रस्त्यावर दहा एकरांत जपानी बाग फुलवली आहे. तिला नाव पु. ल. देशपांड्यांचं. 'पूर्वरंग'मध्ये पुलंनी जपान रंगवला आणि पुणेकर तर त्यांनी आयुष्यभर पुरवून पुरवून रंगवले. तेव्हा दोन्हीकडची मंडळी ओळखून असलेला माणूस म्हणून नाव अगदी योग्य पडलंय.

तर या बागेत आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याने एका रविवारी मैत्रीफेरी काढली. माहिती सांगायला जपानी शिकलेली एक मुलगी होती. (पुण्यात जपानी येणारं माणूस शोधावं लागत नाही, कुठल्याही सोसायटीत एखादं निघतंच.) तिने कमरेत वाकून नमस्कार केला. सदाशिव पेठेतले काकाही वाकले. ते वाकले म्हणून ती पुन्हा वाकली. मग काका पुन्हा. चौथ्या खेपेला काकांच्या खिशातला चष्मा पडला, तेव्हा कुठे दोन्ही देशांनी सरळ उभं राहायचं ठरवलं.

"ही बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केली आहे," तिने सुरुवात केली. "इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 साली ती करायला घेतली."

"1687!" काकांचा हात वर. "त्याच साली वाईच्या लढाईत हंबीरराव मोहिते पडले."

"हो का? आणि 1700 साली बाग पूर्ण झाली."

"1700 ला राजाराम महाराज गेले. तेही सिंहगडावर! म्हणजे हाच रस्ता."

पुढची बरीच मिनिटं आम्ही जपानी तळ्याकाठी उभं राहून औरंगजेबाला दख्खनेत दमवत होतो. मुलगी शहाणी. तिने औरंगजेब खुलताबादेत पोचेपर्यंत वाट पाहिली. मागून एक जण एवढंच म्हणाले, "तेरा वर्षं लागली? मग काम आपल्याच पद्धतीने झालेलं दिसतंय."

जपानी बाग सावकाश बघायची असते. वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवतात; प्रत्येक वळणावर दृश्य बदलतं, म्हणून तिथे थांबायचं. हे ऐकून आमच्यातले काही जण थांबले. बाकीचे सकाळच्या चालण्याच्या सवयीने हात झुलवत केव्हाच पुढे गेले होते आणि मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत होते. त्यांतल्या एकांनी वळण वाचवायला हिरवळीवर पाय ठेवला मात्र, कुठूनशी शिट्टी वाजली. ती वाजायलाच हवी होती. पुणेकराला निसर्गसौंदर्य शिट्टीच्या देखरेखीखालीच नीट दिसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"आता समोर बघा," मुलगी म्हणाली. "कोराकुएनमधून ओकायामाचा काळा किल्ला दिसतो. तो बागेत नाही, पण बाग अशी रचली आहे की तो तिचाच वाटावा. बाहेरचं दृश्य उसनं घ्यायचं, ही जपानी पद्धत. तशी इथे आपण पर्वती घेतली आहे."

खरंच, झाडांच्या वर पर्वती अशी बसली होती, जणू तिलाही आराखड्यात धरलं होतं. मला ती कल्पना फार आवडली. काकांना नाही. "नानासाहेबांनी पर्वतीवर देऊळ बांधलं ते कुणाला उसनं द्यायला नाही," ते म्हणाले, आणि पर्वतीकडे थोडा वेळ मालकाच्या नजरेने बघत राहिले.

मग निघालं सॅन होजे. कॅलिफोर्नियातल्या या शहराने ओकायामाशी 1957 मध्ये नातं जोडलं आणि पुण्याशी 1992 मध्ये. म्हणजे ही तिन्ही शहरं एकमेकांच्या नात्यात. शिवाय सॅन होजेतही कोराकुएनवरून केलेली बाग आहे, 1965 पासून.

"सॅन होजे?" कोथरूडच्या वहिनी एकदम पुढे आल्या. "आमचा धाकटा तिथेच असतो! मी सहा महिने राहून आले."

"मग ती बाग पाहिली असेल तुम्ही?"

"बाग नाही गं. नातू लहान होता. पण कॉस्टको सगळं पाहिलं."

त्यानंतर ज्यांची मुलं सॅन होजेला आहेत, ज्यांची सॅन होजेच्या जवळ आहेत आणि ज्यांची हिंजवडीत आहेत, असे तीन गट पडले. हिंजवडीवाले जरा मागून चालू लागले.

शेवटी मुलीने विचारलं, "पुढची मैत्रीफेरी कुठल्या शहराची काढू या?"

ब्रेमेन, ब्रेमेन, असा एकमुखी घोष झाला. जर्मनीतलं हे शहरही पुण्याच्या मैत्रीतलं. तेवढ्यात हिंजवडीवाल्यांपैकी एक गृहस्थ चाचरत म्हणाले, "पिंपरी-चिंचवडची काढली तर? जवळही पडेल."

कुणीच काही बोललं नाही. काकांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्या गृहस्थांना नीट न्याहाळलं.

"काढू की," ते म्हणाले. "पण आधी जरा लांबच्यांवर हात बसू द्या."