अट कुठाय?

तालुक्याच्या गावात गणिताच्या सरांचा क्लास दारातल्या चपलांच्या ढिगावरून ओळखावा. त्यातही बीजगणितवाले सर निराळेच. भूमितीवाले निदान आकृती सुबक आली तर खूश होतात. यांची नजर आधी छेदावर. वर अंशात काय थाटमाट आहे, ते नंतर.

एखादा पोरगा १/२ + १/३ = २/५ करून मोकळा होतो. सर ओरडत नाहीत, नुसता खडू खाली ठेवतात. "अर्ध्यात भर घातलीस आणि अर्ध्याहून कमी झालं? अरे, हे फक्त सोसायटीच्या जमाखर्चात होतं."

खरा रंग भरतो तो क्ष आल्यावर. फळ्यावर १/(क्ष + २) + ४/(क्ष² − ४). हुशार पोरगी लसावि काढते, क्ष² − ४. वर जमतं क्ष − २ + ४, म्हणजे क्ष + २. वरखाली काट मारून उत्तर १/(क्ष − २), खाली ऐटीत दोन रेघा. सर चारपैकी तीन गुण देतात. (मला विचाराल तर अर्धा कापला असता तरी पुरे होतं.)

संध्याकाळी तिचे वडील दारात.

"सर, गाइडात हेच उत्तर आहे की हो."

"उत्तर बरोबरच आहे. अट कुठाय?"

"लिहिलीय ना, क्ष म्हणजे २ चालणार नाही."

"आणि वजा २ कुणी लिहायचं? मी?"

"पण ते तर कटलं!"

सर चष्मा काढतात. "कटलं ते नंतर. मुळात मांडलेल्या बेरजेत वजा २ घाला, पहिलाच छेद शून्य. सातबाऱ्यावरून कुळाचं नाव खोडलं, म्हणून कूळ कधी नव्हतंच का?"

वडील तलाठी. एका गुणाचा विषय तिथेच मिटला.

सर कोंडीत सापडतात ते एकाच ठिकाणी. ते चाळीसगावकडचे, भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख असलेलं पाटण म्हणजे त्यांचं शेजारगाव. पोरांना हे पक्कं ठाऊक.

"सर, शून्यानं भागायचं नाही म्हणता, पण भास्कराचार्यांनी ११५० साली तीनला शून्यानं भागलंच की! वर 'खहर' असं नावही दिलं. त्यात काही मिळवा, काही वजा करा, ढिम्म बदलत नाही म्हणे!"

अभिमान आणि नियम यांच्यात सर क्षणभर लोंबकळतात. मग खडू उचलतात.

"ते आचार्य होते. तू नववीत आहेस. लसावि काढ."