बादली

लोकसभेला का उभे राहताय, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा मी चेहरा गंभीर करून "देशाला दिशा द्यायचीय" म्हणालो. खरं कारण एवढंच, की नगरपालिकेची निवडणूकच होत नव्हती.

आम्हा नगरसेवकांची मुदत 2021च्या डिसेंबरात संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रशासक खुर्चीत आणि मी घराच्या ओट्यावर. लेटरहेडवर 'माजी' हा शब्द मी इतका बारीक छापून घेतला, की प्रेसवाल्याने "भाऊ, हा शाईचा डाग पुसू का?" असं विचारलं. 2024 उजाडलं आणि समोर आली ती थेट लोकसभा. गल्लीतल्या क्रिकेटला कुणी घेईना, म्हणून मी पॅड बांधून वानखेडेवर गेलो.

"अहो, पण दिल्लीत जाऊन करणार काय?" ही म्हणाली.

जाहीरनामा दाखवला. नदीजोड, परराष्ट्र धोरण, सीमासुरक्षा. गटार कुठेच नाही. ते मी मुद्दाम वगळलं होतं. पाच वर्षं गटाराशिवाय दुसरा विषय बोललो नव्हतो. दिल्लीत पहाटे पाचला "भाऊ, तुंबलंय" असा फोन येत नसावा, ही माझी राष्ट्रीय भूमिका.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, माझ्यासारख्या अपक्षाला दहा लागतात. नववा माझा मावसभाऊ. सही करण्याआधी त्याने कागद उलटसुलट पाहिला. "हे कर्जाला जामीन राहणं नाही ना?"

मग आलं चिन्ह. इथे मी रमलो, कबूल करतो. मुक्त चिन्हांची यादी म्हणजे मंडई आणि भांड्यांचं दुकान एकत्र. भेंडी, फुलकोबी, ढोबळी मिरची, प्रेशर कुकर, नेल कटर. देशाचं भवितव्य नेल कटरच्या हाती द्या, असं हात जोडून सांगणारा कुणीतरी असेलच ना? ही चिन्हं पूर्वी आयोगाचे चित्रकार एम. एस. सेठी पेन्सिलीने काढायचे. 1992 मध्ये ते निवृत्त झाले. त्यांनी टोपलीपासून कपबशीपर्यंत काय काय समोर ठेवून रेखाटलं असेल, या विचारात माझी एक अख्खी दुपार गेली. तीन पसंत्या द्यायच्या असतात. पहिली रोड रोलर, कारण त्यात दरारा आहे. दुसरी शिट्टी. तिसरी काहीतरी भरायची म्हणून भरली, आणि नेमकी तीच मिळाली. बादली.

खर्चाची मर्यादा 95 लाख. माझ्या हिशेबात एक रिक्षा, एक भोंगा आणि रिक्षाच्या टपावर बांधलेली निळी बादली, रुपये 180 फक्त.

रिक्षा आमच्याच गल्लीच्या टोकाला गेली तेव्हा आजी दारात बसल्या होत्या. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बादली आणलीस. पाणी?"

माझ्या हातातला माईक चालूच होता. आजींचं घर पाइपाच्या शेवटाला. नळ रात्री दोनला येतो, दोन हंडे भरेपर्यंत जातो. त्या लाइनसाठी मी सभागृहात तीनदा ठराव मांडला, तिसऱ्यांदा मंजूर झाला, आणि मुदत संपली. फाइल तेव्हाही टेबलावरच होती. त्या टेबलाशी जाऊन भांडायला निवडून आलेला एकही माणूस तेव्हा या शहरात उरलेला नव्हता, आणि मी रिक्षात उभा राहून सीमासुरक्षेवर बोलत होतो. त्या दिवशी पुढच्या चौकातली सभा मी आटोपती घेतली. लोकांना वाटलं, घसा बसला.

4 जूनला डिपॉझिटचे 25,000 गेले. ते वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. मला 'नोटा'नेही मागे टाकलं. ही काही बोलली नाही. नुसता चहा ठेवला, त्याने जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन. मी सवयीने म्हणालो, "तुंबलंय का?"

"नाही रे," आजी म्हणाल्या. "हरलास ना? मग ती निळी बादली इकडे आणून दे. माझी गळतेय."

घेऊन गेलो. नळाला त्या दिवशी अजून धार होती, करंगळीएवढी. भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.