खोगीरभरती

सायकलीला पिशव्या बसविण्याचे कार्य मी गौरी-गणपतींचे विसर्जन आटोपल्यावर आरंभिले आणि मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले तरी ते सिद्धीस गेले नव्हते, यावरून मी आळशी आहे असा तर्क कोणी करील. वस्तुस्थिती अशी की या अडीच महिन्यांत मी जितका उद्योग केला तितका छत्तीस वर्षांच्या कारकुनीत केल्याचे माझ्या हयात वरिष्ठांपैकी एकालाही स्मरत नाही. बेत साधा होता. पनवेलहून पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड असे समुद्राच्या कडेकडेने जायचे, आगरदांड्याला सायकल तरीत घालून दिघीला उतरायचे आणि श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर गाठायचे. हा बेत मी आमच्या सोसायटीत इतक्या वेळा आणि इतक्या तपशिलाने कथन केला, की मी हा प्रवास करून परत आलो आहे असे दोघातिघांना वाटू लागले. आणि त्यांचा गैरसमज दूर करण्याची मीही विशेष घाई केली नाही.

प्रथम विघ्न आले ते भोकांचे. टपाल नाक्याच्या बाजूला एक तरुण कारागीर आहे, त्याच्याकडे मी माझी गिअरची माउंटन बाइक आणि नवे कोरे कॅरिअर घेऊन गेलो. त्याने सायकल उलटी केली, सुलटी केली, आणि वैद्याने नाडी सोडून द्यावी तशी सोडून देऊन म्हणाला, "काका, हिला भोकंच नाहीत." कॅरिअर जखडण्यासाठी मागच्या आसाजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर पाच मिलिमीटरच्या बोल्टाची, आटे पाडलेली भोके असावी लागतात, ती माझ्या सायकलीच्या निर्मात्याने ठेवली नव्हती, कारण डोंगरावर सायकल हाकणारा मनुष्य तारुण्याखेरीज दुसरे काही बरोबर नेत नाही, अशी त्याची समजूत असावी. मी कारागिराला सांगितले की, बाबा रे, १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांतील तिघे १९२८ साली ती पुरी करून परत आले. ते काय भोकांवाचून अडून राहिले? त्याने क्षणभर विचार केला. "त्यांच्या सायकलींना भोकं असतील," तो म्हणाला.

अखेर नळ्यांभोवती आवळायच्या रबरी अस्तराच्या क्लिपा आणल्या. तेव्हा कॅरिअरचा डावा पाय डिस्क ब्रेकवर टेकू लागला. तो दूर करण्यासाठी लांब बोल्ट घालून आत तीन वायसर भरले, तर कॅरिअर एका अंगाला कलले. ते सरळ केले, तर पेडल मारताना प्रत्येक फेऱ्यास टाच पिशवीवर आपटू लागली. हे सर्व एकेका शनिवारी होत असे. मधल्या वारी मी लोकांना मार्ग वर्णन करून सांगत असे.

येथे मला एक विषयांतर करू द्यावे, कारण या सबंध प्रकरणातून मला निर्भेळ आनंद काय तो त्याच्यापासूनच झाला. पुढच्या दांड्याला आडवी बांधायची जी लांबोडकी पिशवी असते तिला दुकानात इंग्रजी नाव आहे; परंतु ती प्रथम बांधून मी चार पावले मागे सरलो आणि सायकलीकडे पाहिले, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाला, "तोबरा!" घोड्याच्या तोंडाला चंदीची थैली अडकवीत, ती हीच. मागे कॅरिअरच्या दोन अंगांना लोंबणारी जोडथैली म्हणजे खुर्जी. आणि या दोहोंत मी जे काही कोंबले होते त्याला खोगीरभरतीवाचून अन्य नाव देणे भाषेशी बेइमानी ठरेल. तोबरा, खुर्जी, खोगीर हे तिन्ही शब्द फारशीतून आमच्याकडे घोड्यांच्या संगतीने आले. पुढे घोडे गेले, खुर्जी कोशात जाऊन निजली, तोबरा पान खाणाऱ्यांच्या गालापुरता उरला, आणि खोगीरभरती मात्र, तिला खोगिराची गरज नसल्यामुळे, दिवाळी अंकांतून आणि समित्यांच्या अहवालांतून उत्तरोत्तर भरभराटत गेली. मराठ्यांच्या घोडदळाचा जो दरारा होता तो या भरतीच्या अभावामुळेच होता. ज्या दिवशी तेच सैन्य कुटुंबकबिला, यात्रेकरू आणि बाजारबुणगे बरोबर घेऊन उत्तरेत उतरले, त्याची परिणती १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झाली. त्या पराभवाची कारणे इतिहासकार अनेक सांगतात. मी माझी खुर्जी एकदा जिन्यावरून वर नेली आहे, आणि तेव्हापासून मी बुणग्यांच्या पक्षाचा आहे.

आणि आमचे पनवेल तर ओझ्यावरच पोसलेले गाव. बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झाला, त्यापूर्वी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून कोकणचे मीठ घाटावर चढत असे. पुढे गाड्या धावू लागल्या तेव्हा येथल्या सुतारांची चाके एवढी नावाजली, की इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरकाराने चाके बनविणे हाच या गावाचा प्रमुख उद्योग म्हणून नमूद करून ठेवला. अशा या गावी दोन चाकांवर चौदा किलो चढविण्यास एका सुशिक्षित गृहस्थाला अडीच महिने लागावेत, ही गोष्ट मी गॅझेटिअरात जाऊ देणार नाही.

चौदा किलो हा आकडा रद्दीवाल्याच्या काट्यावरचा आहे. त्याने सवयीने भावही सांगितला. तंबू, स्टोव्ह, दोन ट्यूबा, पंप, साखळी तोडण्याचे यंत्र, ऐन मार्गशीर्षात रेनकोट, आठ व्याधींवरची औषधे, आणि घरी जी कधी उघडली नाही ती ज्ञानेश्वरीची छोटी प्रत. जड वस्तू चौकटीत खाली आणि हलक्या पुढच्या दांड्यावर ठेवाव्यात, हे शास्त्र मी पाठ केले होते. परंतु माझ्याजवळ हलके असे काही नव्हते. पत्नी हा सरंजाम काही दिवस मुकाट्याने पाहत होती. एके दिवशी तिने विचारले, "अहो, माझी मावसबहीण श्रीवर्धनला राहते ना? मग हा तंबू तिला दाखवायला नेताय का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून मी रागावलो, आणि राग ओसरल्यावर, का कोण जाणे, वडिलांची सायकल आठवली.

वडील तलाठी होते. तलाठ्याच्या हद्दीला 'सजा' म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले तो स्वतः तलाठी असला पाहिजे. कोपर, कोल्ही, चिंचपाडा या बाजूला त्यांची फिरती असे. चोवीस इंची काळी सायकल, मागच्या कॅरिअरवर रुमालात बांधलेले दप्तर, आणि ते कॅरिअरला जखडायला जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. पावसाळ्यात दप्तरावर मेणकापड असे आणि वडिलांवर ते नसे. घरी येत तेव्हा ते नखशिखांत भिजलेले आणि सातबारे कोरडे. पंप त्यांनी आयुष्यात बाळगला नाही. कोणत्या गावात पंप कोणाच्या पडवीत टांगलेला आहे हे त्यांना गट क्रमांकांसारखे मुखोद्गत होते, आणि हवा भरायला म्हणून ते ज्या घरी थांबत तेथे चहा होई, एखाद्या वारसाची नोंद राहून गेल्याचे कळे, कोणाच्या मुलीचे स्थळ निघे. मी मात्र दोन ट्यूबा, पंप आणि स्टोव्ह अशा तयारीनिशी निघणार होतो, की हरिहरेश्वरापर्यंत कोणापाशी एक शब्द बोलण्याची वेळ येऊ नये.

त्या पडव्या आता नाहीत. त्या शिवारावर विमानतळ झाला. दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळविला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. गावकऱ्यांना दुसरीकडे भूखंड मिळाले, नावेही काही बरोबर गेली. विमानतळ नको होता असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही, माझा भाचा त्याच विमानांनी येतो-जातो; पण ज्या कागदांना वडिलांनी पावसाचा थेंब लागू दिला नाही, त्यांतील जमिनीच त्या जागी ओळखू येऊ नयेत, याचा मला राग येतो, आणि तो कोणाच्या नावे खतवावा हे कळत नाही.

असो. अखेर एका रविवारी पहाटे सर्व भरती चढवून मी कर्नाळ्यापर्यंत चाचणीसाठी निघालो. पळस्पे फाट्याला एक ट्रकवाला माझ्याकडे वळून पाहून गेला, आणि मी पाठ ताठ केली. खिंडीचा चढ मी अर्धा बसून आणि अर्धा उतरून पार केला. उतरताना गाडी थांबवून कोणी पाहू लागलेच, तर खांबासारखा तो कर्नाळ्याचा सुळका निरखण्याचा बहाणा तयार होता. पुढे एक गतिरोधक आला. माझ्या सायकलीचा पुढचा चिमटा स्प्रिंगचा आहे. खड्ड्यावर तो दबतो, हा त्याचा गुण विकत घेताना मी दीडपट पैसे मोजून घेतला होता. तो गुणाला जागला. चिमटा दबला, तोबरा चाकावर टेकला, चाकाने त्याचा पट्टा ओढून घेतला, आणि सायकल थांबली. मी किंचित पुढे गेलो.

समोरच्या टपरीवाल्याने मला उभे केले, सायकल उभी केली, आणि तंबूची काठी गटारातून काढून दिली. माझ्याजवळ दोन अखंड ट्यूबा होत्या, पंप होता, साखळी तोडण्याचे यंत्र होते, पट्टा नव्हता. त्याने टपरीमागून ट्यूबची एक जुनी पट्टी आणली, तोबरा पुढून सोडून मागे कॅरिअरवर आडवा घातला आणि दोन वेढ्यांत असा आवळला, की तीन वायसरांनी जे साधले नव्हते ते त्या गाठीने साधले. मग चहा पुढे करीत त्याने विचारले, "कुठून म्हणायचं, काका?"

एवढ्या सामानानिशी, खरचटलेल्या कोपराने, पनवेल हे उत्तर मला देववेना. मी "हरिहरेश्वर" एवढाच शब्द उच्चारला. तो उगम की गंतव्य, हे त्याच्यावर सोपविले. त्याने मानेनेच दाद दिली आणि चहाचे पैसे घेण्याचे साफ नाकारले. नंतर मी सायकल पनवेलच्या दिशेने वळविली, तेव्हा माझ्या जबानीला दिशेचाही पुरावा मिळाला. तलाठ्याच्या मुलाने दिलेली ही पहिली खोटी जबानी. पुढच्या रविवारी पैसे द्यायला गेलो, तेव्हा टपरी बंद होती.

सायकल ठेवायची आहे, कॅरिअर ठेवायचे आहे. पुढच्या दांड्याची पिशवी मात्र विकणे आहे: जलरोधक, रंग करडा, एक पट्टा तुटलेला, एकूण धाव चोवीस किलोमीटर, त्यांपैकी बारा पुढे आणि बारा मागे. आत पंप आहे, तोही बरोबर मिळेल. ट्यूबची पट्टी मिळणार नाही.